हरणारा संघ कसा पाळावा

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी जातो, तोवर तिकडे अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगचा हंगाम रंगात यायला लागलेला असतो. हीच वेळ. इंदुरात राहणाऱ्या, पगारदार, रक्तदाब अजून आटोक्यात असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने या दिवसांत एखादा बास्केटबॉल संघ धरावा, असं मी कळकळीने सांगतो. स्वतः खेळायची अजिबात गरज नाही. खेळणारी पोरं रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर घाम गाळतच असतात. तुम्ही तिकडे फिरकू नका, उगाच तब्येत सुधारायची.

संघ निवडताना पथ्य एकच: जिंकणारा घेऊ नये. जिंकणाऱ्याच्या मागे कोणीही लागतं, त्यात तुमचं काय कर्तृत्व? मी सॅक्रामेंटो किंग्ज धरला. 4 ऑक्टोबर 2019 ला ही मंडळी मुंबईत, वरळीला, इंडियाना पेसर्सशी प्रदर्शनी सामना खेळली. एनबीएचे संघ भारतात येऊन खेळण्याची ती पहिलीच वेळ, आणि किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणजे घरचंच कार्य. आईने आडनाव ऐकून लगेच "कुठले रणदिवे?" अशी चौकशीसुद्धा केली. तर या घरच्या कार्यात काय झालं? जादा वेळेत 132–131, एका गुणाने हार. दुसऱ्या दिवशी पुन्हा हार, यावेळी 24 गुणांनी. तेव्हाच म्हटलं, हाच आपला. आई मात्र अजून विचारते, "ज्यांच्या नावात इंडिया आहे त्यांना सोडून ह्यांना का रे धरलंस?" मी हसायचो. आता हसत नाही. का ते पुढे येईल.

संघ धरण्याआधी त्याची कुंडली बघून घ्यावी. किंग्जची कुंडली खास आहे. आजवरचं एकमेव विजेतेपद 1951 चं, तेही रॉचेस्टर नावाच्या गावात, तेव्हा नावही वेगळं होतं. मग सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, आणि 1985 पासून सॅक्रामेंटो. इतक्या बदल्या आमच्या रेल्वेतल्या काकांच्यासुद्धा झाल्या नाहीत. 2007 ते 2022 असे सलग 16 हंगाम हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोचला नाही. आता हे नीट समजून घ्या. संघ 30, त्यातले 16 पुढे जातात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ग पास होतो. अशा परीक्षेत ओळीने सोळा वेळा नापास व्हायला किती सातत्य लागत असेल! एनबीएत असा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही.

त्यासाठी वरिष्ठ पातळीवर मेहनतही घेतली गेली. 2018 मध्ये नवे खेळाडू निवडताना आमचा नंबर दुसरा होता. पुढे मोठा स्टार झालेला लुका डॉन्चिच समोर उभा होता. आम्ही मार्विन बॅगली घेतला. 2022 च्या फेब्रुवारीत टायरीस हॅलिबर्टन नावाचा गुणी पोरगा देऊन टाकला. कोणाला? इंडियानाला. त्याने 2025 मध्ये त्यांना अंतिम फेरीत, सातपैकी पार सातव्या सामन्यापर्यंत नेलं. त्या दिवसांत आई रोज सकाळी विचारायची, "इंडियाचं काय झालं?" आणि मला खरं सांगावं लागायचं. बदल्यात आलेला सबोनिस चांगलाच आहे, त्याच्यामुळे 2023 मध्ये आम्ही एकदाचे प्लेऑफमध्ये गेलो, हेही मान्य. तिथे सातव्या सामन्यात, आमच्याच मैदानावर, समोरच्या संघातल्या स्टीफन करीने 50 गुण केले. सातव्या सामन्यात तोवर कोणी इतके केले नव्हते. विक्रम कुठेतरी व्हायचेच, ते आपल्या अंगणात करून द्यावेत, एवढी आपली आतिथ्यशीलता.

वडीलधाऱ्यांना यातलं काही सांगू नये. मी एकदा बाबांना सांगितलं. ते सी. के. नायडूंच्या होळकर संघाच्या गोष्टी ऐकत वाढलेले. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "होळकरांनी आठ हंगामांत चारदा रणजी जिंकली. तेसुद्धा राजेच होते." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आता दिनचर्या. पूर्व किनाऱ्यावरचा सामना असला तर तो आपल्याकडे पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान लागतो. त्यासाठी झोपेतून उठायची कटकट कशाला? रात्री दोनपर्यंत सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात बसावं, मग घरी येऊन दाराची कडी न वाजवता आत शिरावं, तीन-चार तासांचा तर प्रश्न. किंग्जचे घरचे सामने मात्र आपल्या सोयीचे. बहुतेक साडेसातला, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. अमेरिकेने घड्याळ फिरवलं की आमच्या राजेंद्र नगरात माझी अंघोळ तासभर सरकते. बायकोला याचं कारण अजून पटलेलं नाही.

साडेआठचा सामना म्हणजे पोहे, आणि पोह्यांवर जीरावन मसाला. खेळ 48 मिनिटांचा, बघायला सव्वादोन तास. शेवटची दोन मिनिटं तर दोन मिनिटांची नसतातच. दर चार सेकंदांनी कोणीतरी मुद्दाम फाउल करतं, मग फ्री थ्रो, मग टाइमआउट. एका टाइमआउटमध्ये दाढी, दुसऱ्यात अंघोळ, असं बसवता येतं. हे मी करून बघितलं आहे. फक्त मधे कचरागाडी यायला नको.

ती येतेच. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही तीन गुणांनी पुढे, चाळीस सेकंद बाकी, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीचं गाणं. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात राहायचं तर किंमत मोजावी लागते. एका हातात ओल्याचा डबा, दुसऱ्यात सुक्याचा, मोबाइल हनुवटीखाली दाबलेला, असा मी तीन मजले उतरलो. खाली गेल्यावर कळलं की ओल्याच्या डब्यात दुधाची पिशवी पडली आहे. गाडीवरचा भाऊ ती बोटाने दाखवत नुसता बघत राहिला. ती काढून, झटकून सुक्यात टाकली आणि स्क्रीन बघितला, तर आम्ही एका गुणाने मागे आणि सगळे खेळाडू मैदान सोडून चाललेले.

"भिया, कौन जीता?" त्याने विचारलं.

"सामनेवाले."

"अपन कौन से हैं?"

या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला झटकन देता आलं, तर समजा तुमची प्रगती अजून व्हायची आहे.

विजयाचं फार मनावर घेऊ नये. किंग्ज जिंकले की स्टेडियमच्या छतावरून जांभळा झोत आकाशात सोडतात. सुरेख दिसतो. हंगाम वाईट गेला की विजेची केवढी बचत होते, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

आणि मार्च लागला की सगळंच उलटतं. आतापर्यंत जिंकावं म्हणून उपास करत होतात ना? आता हरावं म्हणून करा. कारण जे तळाला राहतात त्यांना नव्या खेळाडूंच्या सोडतीत जास्त संधी. 2025 च्या सोडतीत सगळ्यात खालच्या तिघांना पहिल्या नंबराची प्रत्येकी 14 टक्के होती. ज्या पोराने शेवटच्या सेकंदाला बास्केट टाकून सामना जिंकून दिला, त्याला तुम्ही पोहे खाता खाता शिव्या देता. शेजारचे जोशी काका दाराशी येऊन विचारतात, "काय, हरले का?" आणि तुम्ही रडवेल्या आवाजात सांगता, "नाही हो, जिंकले." बरं, एवढं हरूनही भरवसा नाहीच. ती सोडत डलासला लागली, त्यांची संधी होती 1.8 टक्के. आणि हे तेच डलास, ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी तोच डॉन्चिच आपल्या हाताने लॉस एंजेलिसला देऊन टाकला होता. एवढा मोठा मूर्खपणा आम्हालासुद्धा जमला नव्हता, बक्षीस त्यांना.

सोडत मे महिन्यात असते. आपल्याकडे पहाट. तेव्हा मी अंधारात मोबाइल घेऊन बसलो होतो आणि आई देवपूजेला उठली.

"आज कसली मॅच?"

"मॅच नाही आई, सोडत आहे."

"प्लॉटची?" ती थबकली. "मग आधी नाही का सांगायचं!"

आणि खजराना गणपतीचं देऊळ ज्या दिशेला आहे तिकडे तोंड करून तिने दोन्ही हात जोडले. मी काही बोललो नाही.