पाणी, उदक आणि रविवारची वही

परवा पुन्हा तो वाद रंगला: कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? एकाने सारख्या शब्दांचे टक्के तोंडावर फेकले. कसे काढले विचारलं तर गप्प. मग रविवारी मीच वही घेऊन बसलो, समोर मडगावात वाढलेल्या शेजारच्या काकू.

दोन भाषांतले शब्द शेजारी मांडून सारखे किती ते मोजायची ही पद्धत १९५०च्या दशकात मॉरिस स्वदेश या अमेरिकन अभ्यासकाने रुजवली (आडनाव खरंच स्वदेश, चरख्याशी संबंध नाही). बटाटा, पगार, खुर्ची असले उसने शब्द मोजायचे नाहीत. अवयव, पाणी, आग, मी, तू असे शे-दोनशे शब्द घ्यायचे, कारण ते सहजासहजी बदलत नाहीत.

सुरुवात झकास झाली. नाक-नाक, कान-कान, दात-दांत, जीभ-जीब, डोळा-दोळो. मी जिंकल्यासारखा हसलो. मग पाणी आलं. काकू म्हणाल्या, उदक. कुत्रा? सुणें. आग? उजो. मासा? नुस्तें. मी? हांव. काय? कितें. माझं हसू गेलं.

खरी गंमत पुढे. नाक, कान, दात, जीभ तर हिंदीतही आहेत, मग त्यातून आमची खास जवळीक कुठे सिद्ध झाली? उलट पाणी, कुत्रा, आग यांत मराठी हिंदीच्या पंगतीला आणि काकू वेगळ्या पाटावर! लाज राखली ती डोळ्याने, कारण हिंदी-गुजरातीत तिथे आंख. शिवाय सुणें जुन्या मराठीत होतं, आपणच टाकलं. उदक आपण धर्मकार्यापुरतं ठेवलं. मग हे शब्द एक धरायचे की वेगळे? नियम म्हणतो, रोजच्या तोंडातला शब्द घ्या, म्हणजे वेगळे. मला हे पटत नाही, पण मग टक्के फेकणाऱ्याने आधी हे सांगावं ना!

नुसतं कानाला सारखं वाटणंही फसवं. अक्का, अण्णा कन्नडशी जुळतात, पण ते शेजारधर्माचे. उलट फारसीतून आलेला 'हप्ता' आणि आपला 'सात' चक्क भाऊबंद: संस्कृत सप्त, फारसी हफ्त. तिकडे 'स'चा 'ह' होतो, सिंधूचा हिंद झाला तसा. असा नियम सापडला की नातं मानावं.

बाकी भाषा की बोली, हे वहीत मावत नाही. साहित्य अकादमीने १९७५ला कोकणीला मान्यता दिली, १९९२ला ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तो लढा लोकांनी दिला, रकान्यांनी नाही.

आता वहीत तिसरा रकाना आखलाय. पुढच्या रविवारी मालवणचा मित्र येतोय. त्याचं 'माका', 'खंय' काकूंच्या 'म्हाका', 'खंय'ला चिकटून बसतं, आणि भाषा विचारली की तो छाती काढून सांगतो, मराठी.