दोन वणव्यांमधले अंतर

कॅनडातील 2023 च्या वणव्यांवर नुकताच वाचलेला एक लेख माहितीपूर्ण आहे. मात्र जळालेल्या दीड कोटीहून अधिक हेक्टरांवर त्यात जेवढा भर आहे, तेवढा एकाच जागी दोन वणव्यांमध्ये किती वर्षे जातात यावर नाही, आणि माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे.

अलास्का व वायव्य कॅनडातील काळा स्प्रूस हा आगीला सरावलेला सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याचे राळेने मिटलेले लहान शंकू (बी धरणारी बोंडे) शेंड्याजवळ दाट झुबक्यांत असतात. आगीच्या धगीने राळ वितळते आणि पुढे बराच काळ जळक्या खोडांखाली बी झरत राहते. शंभरेक वर्षांनी आग आली, तर स्प्रूसच्या जागी बहुधा स्प्रूसच उगवतो. पंधरा-वीस वर्षांतच ती परतली, तर कोवळ्या झाडांवर पुरेसे शंकू धरलेलेच नसतात आणि तिथे वाऱ्यावर बी उडवणारा बर्च किंवा मुळांतून फुटणारा अ‍ॅस्पेन, ही पानझडी झाडे शिरतात.

आपल्याकडे वणवा म्हणजे डोंगरउतारावरचे वाळके गवत. तिकडे जमीनच धुमसते, कधी बर्फाखाली हिवाळाभरसुद्धा. शेवाळाचा व अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर गोठलेल्या जमिनीवर पांघरुणासारखा असतो. तो पुन्हा साचण्याआधीच आग आली, तर मागच्या वणव्यांतून त्या थरात वाचलेला जुना कार्बनही जळतो, हे कॅनडाच्या वायव्य प्रदेशांतील (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) 2014 च्या वणव्यांनंतर तरुण जंगलांत दिसून आले. पानझडी झाडे तुलनेने कमी पेटतात, हे खरे. पण स्प्रूसखालचे शेवाळ त्यांच्या पाचोळ्याखाली तग धरत नाही, म्हणजे गोठलेल्या जमिनीवरचे ते पांघरूणही तसे परत येत नाही.