पनवती

तिकिटावर सीटचा नंबर छापतात तो कशासाठी? परवापासून मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारतोय. बायको म्हणते, "सोडा आता." तिला काय जातंय? ती मॅचला नव्हतीच. तिचे वडील होते आणि सगळा घोळ त्यांच्यामुळेच वाढला.

अण्णा कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर गळा बसेपर्यंत ओरडण्यात हयात गेलेली. आम्ही राहतो उत्तर पोर्तुगालमधल्या ब्रागाला. इथे चर्चना तोटा नाही, पण चार चर्च दाखवून झाली तरी अण्णा "हं" च्या पुढे जाईनात. बॉम जेझुसच्या प्रसिद्ध पायऱ्या दाखवल्या, तर म्हणाले, "जोतिबाला आम्ही अनवाणी चढतोय." शेवटी स्टेडियमवर न्यायचं ठरलं.

आमच्या महापालिकेचं हे स्टेडियम बघायला जगभरातून आर्किटेक्ट येतात. 2004 च्या युरो कपसाठी ते एका ग्रॅनाइटच्या खाणीत बसवलं. गावातले लोक त्याला अजून 'पेद्रेइरा' म्हणजे खाणच म्हणतात. बसायची सोय फक्त दोन लांब बाजूंना. एका गोलपोस्टमागे नुसता कातळ, दुसरीकडे मोकळं आभाळ आणि खाली पसरलेलं गाव. समोरासमोरची दोन छपरं पोलादी दोरांनी एकमेकांना बांधून ठेवलीत. ही कल्पना म्हणे इंका लोकांच्या झुलत्या पुलांवरून सुचली. ज्यांनी ते बांधलं त्या एदुआर्दो सौतो द मौरा यांना 2011 साली प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं नोबेल, मिळालं.

हे सगळं मी अण्णांना बसमध्ये सांगितलं. आत शिरल्यावर त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"जावईबापू, दोन बाजूंचे पैसे कुणी खाल्ले?"

"अण्णा, डिझाईनच तसं आहे."

"डिझाईन! आमच्याकडं पण कॉन्ट्रॅक्टर हेच सांगतोय."

मी गप्प बसलो. कारण खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला आणि महापालिका त्याची देणी वर्षानुवर्षं फेडत राहिली, हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगितलं असतं तर मॅचभर तेवढंच ऐकावं लागलं असतं.

तर आमची रांग सापडली. दोन सीट शेजारी शेजारी, मधोमध, छपराखाली. त्यातल्या एकीवर एक आजोबा बसलेले. ऐंशीच्या आसपासचे असावेत. बुडाखाली घरून आणलेली लाल उशी, एका कानाला ट्रान्झिस्टर, मांडीवर पिवळ्याधमक त्रेमोसूंची पिशवी. हे वालासारखे खारवलेले दाणे असतात. साल दातात धरून दाणा तोंडात उडवायचा आणि साल पायाशी टाकायची. सालींचा ढीग पाहता आजोबा बरेच आधी आलेले दिसत होते.

मी तिकीट दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तिकीट हातात घेतलं, उलटंसुलटं करून वाचलं आणि मान डोलावली.

"बरोबर आहे. ही तुमचीच सीट."

आणि बसूनच राहिले.

मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणालो, "मग मी बसू का?"

"आज नाही." पुढे त्यांनी जे सांगितलं ते असं, की मागच्या मॅचला ते चुकून या सीटवर बसले आणि ब्रागा जिंकलं. त्याआधी स्वतःच्या सीटवर बसत होते तेव्हा लागोपाठ हरलं. तेव्हा आता उठायचा प्रश्नच येत नाही. खिशातून स्वतःचं तिकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "माझ्या जागेवर बसा. चांगली आहे."

तीस हजार सीटचं स्टेडियम. गावाची वस्ती दोन लाखांच्या आतबाहेर. पावसाळी थंडीतली, तळातल्या संघाशी मॅच. आजूबाजूला बाकंच्या बाकं ओस. आणि या माणसाला माझीच सीट हवी होती. माझ्याऐवजी एखादा दांडगा पोर्तुगीज गडी आला असता तर आजोबा असेच बसून राहिले असते का, हा विचार तेव्हाही आला आणि अजून जात नाही.

"काय म्हणतंय म्हातारं?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. वाटलं, पेठेतला माणूस आहे, आता बाह्या सरसावणार. अण्णांचा चेहरा गंभीर झाला.

"मग बरोबर आहे की त्यांचं! जमलेली जागा सोडायची नसती. 83 च्या फायनलला मी उंबऱ्यावर बसलोतो, एक पाय आत, एक बाहेर. कपिलनं रिचर्ड्सचा कॅच घेतला तरी हाललो न्हाई."

"अण्णा, मी पैसे भरलेत."

"पैशाचं काय घेऊन बसलाय? जावा तुम्ही खाली."

आणि अण्णा आजोबांच्या शेजारी बसले. आजोबांनी पिशवी पुढे केली.

आजोबांची सीट अगदी पुढच्या रांगेत, टोकाला होती. ते भव्य छप्पर तिथवर येतं, पण तिरका पाऊस त्याच्याही आधी येतो. उघड्या बाजूने वारा आत घुसत होता. दोन बाजू का सोडल्या, हा अण्णांचा प्रश्न तेव्हा मला पटला. माझ्या चष्म्यावरून पाणी ओघळत असताना पाहुण्यांनी गोल केला. मागे वळून बघितलं, तर दोघे माझ्याकडेच बघत होते.

हाफटाइमला अण्णा रांगांवरून वाकत खाली आले. ते निरोप घेऊन आले होते. एकाला दुसऱ्याची अक्षरसुद्धा भाषा येत नाही, तरी निरोप स्पष्ट होता. "ते म्हणतायत, तुम्ही त्या जागेवर नुसते बसून राहताय. वरडायला पायजे. आणि पायावरचा पाय काढा."

मी पाय खाली घेतला. ओरडलोसुद्धा. कुणाला काय फरक पडणार होता? मग थंडीने व्हायचं तेच झालं आणि मी मुतारीकडे गेलो. तिथे असतानाच सगळं स्टेडियम गरजलं. ब्रागाने गोल फेडला होता.

धावत परत आलो, तर जिन्याच्या तोंडाशी अण्णा दोन्ही हात आडवे करून उभे. मागून आजोबाही तसाच हात करत होते.

"येऊ नका! तिथंच थांबा!"

उरलेली मॅच मी मुतारीसमोरच्या काँक्रीटच्या बोळात उभा राहून ऐकली. समोर ग्रॅनाइटचा कातळ होता, प्रिट्झकरवाल्यांनी मुद्दाम राखलेला. नीट पाहिला. ओला होता.

ब्रागा जिंकलं. बाहेर आजोबांनी अण्णांना मिठी मारली, मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन मनापासून आभार मानले. पुढच्या मॅचचं त्या दोघांचं ठरलंय. तिकीट मीच काढायचं आहे, माझ्या नावावर, तीच सीट. मी स्टेडियमपर्यंत यायचं, पण आत यायचं नाही, असं अण्णांचं म्हणणं आहे. आजोबांचं मत जरा वेगळं पडतं. त्यांच्या मते मी आत यावं, पण मुतारीपर्यंतच.