दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: ४० मायक्रॉनचं रीडिंग कमी का येतं

नमस्कार मॅडम,

तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि सेटअपचा फोटोही जोडलात, त्यामुळे मुद्द्याला धरून बोलता येतंय. तुमचं म्हणणं असं: एकाच रक्ताच्या व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे दाटपणाचं, रीडिंग तुमच्या कोन-प्लेट व्हिस्कोमीटरवर (व्हिस्कॉसिटी मोजायचं यंत्र) ४ मिलिपास्कल-सेकंद आलं, रक्ताची व्हिस्कॉसिटी मोजणाऱ्या आमच्या चिपच्या ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चॅनेलमध्ये मात्र २.५. अर्ध्या तासात ते आणखी घसरलं. चिप एकदाच वापरता येते. आणि दोन्ही आकडे जुळावेत म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमध्ये करेक्शन फॅक्टर टाकावा.

तो फॅक्टर आम्ही टाकणार नाही.

ग्लिसरीन-पाण्याचं मिश्रण दोन्हीकडे जुळलं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे चॅनेलची खोली, प्रेशर, फ्लो रेट सगळं जागेवर आहे. (खोली ५ टक्के जरी चुकली तरी रीडिंग १५ टक्क्यांच्या आसपास फिरतं, म्हणून प्रत्येक चिपची खोली मोजून आम्ही पाकिटावर लिहितो.) फरक पडला तो रक्त सोडल्यावर, कारण रक्तात पेशी आहेत. तांबडी पेशी साधारण ८ मायक्रॉन रुंद; ४० मायक्रॉनमध्ये अशा पाचच शेजारी शेजारी मावतात. वाहताना त्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत नुसत्या प्लाझ्माचा थर उरतो. घर्षण सर्वात जास्त जिथे, तिथेच सर्वात पातळ द्रव. शिवाय मधल्या पेशी प्लाझ्मापेक्षा लवकर पुढे निघून जातात, त्यामुळे चॅनेलच्या आतलं हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) सिरिंजमधल्यापेक्षा कमी राहतं. फॅरेयस आणि लिंडक्विस्ट या स्वीडिश संशोधकांनी १९३१ मध्ये काचेच्या नळ्यांत हेच दाखवलं: व्यास ०.३ मिलिमीटरच्या खाली गेला की रक्ताची व्हिस्कॉसिटी उतरू लागते. शरीरात रक्तप्रवाहाला सर्वाधिक अडथळा होतो तो अशाच बारीक धमनिकांमध्ये. तिथे रक्त कसं वाहतं हे बघता यावं म्हणून तर आम्ही हे काम हातात घेतलं.

ही घसरण किती होईल ते हिमॅटोक्रिटवर, चॅनेलच्या मापावर आणि पेशी किती लवचीक आहेत यावर ठरतं. विदर्भात, सातपुड्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर काम करणाऱ्यांना नेमकं हे शेवटचंच बघायचं असतं. ऑक्सिजन कमी झाला की त्या रुग्णांच्या हिमोग्लोबिनचे पेशीच्या आत ताठ धागे बनतात, पेशी वाकेनाशी होते आणि अरुंद वाटेत अडू लागते. निरोगी रक्तावर बेतलेला फॅक्टर सरसकट लावला तर हा बदल आकड्यात बुजून जाईल, आणि रीडिंग वरवर व्यवस्थितच दिसेल. याची आम्हाला खरोखर धास्ती वाटते.

व्हिस्कोमीटरशी तुलना करायची असेल तर त्याच चिपवर ४०० मायक्रॉनचं दुसरं चॅनेल आहे, ते वापरा. फक्त शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते) दोन्हीकडे सारखा ठेवा. रक्त हळू वाहू लागलं की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि तेच रक्त कितीतरी दाट लागतं.

आता अर्ध्या तासातली घसरण. तुमच्या फोटोत सिरिंज पंपावर आडवी आहे आणि तिच्या वरच्या कडेला पिवळसर पट्टा स्पष्ट दिसतोय. पेशी खाली बसल्यात आणि तोंडाशी पातळ रक्त येतंय. रोज ईएसआरच्या (पेशी किती वेगाने खाली बसतात त्या तपासणीच्या) नळीत बघतो तोच हा प्रकार. सिरिंज उभी लावा, आत छोटा चुंबकीय मणी टाकून तो बाहेरून फिरवत ठेवा आणि ट्यूब शक्य तितकी आखूड कापा. रक्त ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन) घेतल्यापासून ४ तासांच्या आत मोजणी उरका.

चिप पुन्हा वापरण्याबद्दल आमचं मत पक्कं आहे. प्रथिनं भिंतींना चिकटतात, त्यानंतर पाकिटावर लिहिलेल्या खोलीला अर्थ राहत नाही. आणि एकाचं रक्त गेलेली चिप धुऊन दुसऱ्याच्या सॅम्पलला लावा, असं आम्ही कुठल्याच लॅबला सांगणार नाही.

तुमची हरकत नसेल तर आमचा माणूस नव्या चिप घेऊन तुमच्या लॅबमध्ये येईल. रक्त तुमचं, व्हिस्कोमीटर तुमचा, हिमॅटोक्रिटही तुम्हीच मोजा. ४०० मायक्रॉनचं रीडिंग व्हिस्कोमीटरच्या ५ टक्क्यांच्या आत आलं नाही तर पूर्ण पैसे परत. आकडे काहीही येवोत, ते इथेच, या उत्तराखाली लिहू.