जाहिराती कापायला अख्खी फाइल कशाला दळता?

विसर्जन मिरवणुकीचं टीव्हीवरचं रेकॉर्डिंग पुण्यात हातोहात फिरतं आणि दरवर्षी तीच रड. टिपरू हललं की कडांना कंगव्याचे दात! अहो, 576आय, म्हणजे टीव्हीचं 576 ओळींचं इंटरलेस चित्र, म्हणजे सेकंदाला 50 अर्ध्या फ्रेम: एकीत सम ओळी, पुढचीत विषम. डीइंटरलेस न करता, म्हणजे या अर्ध्या फ्रेमची पूर्ण चित्रं न बनवता, चित्राचा आकार बदलला की सम-विषम ओळी एकमेकींत कालवल्या जातात, मग कुठलाही फिल्टर त्या वेगळ्या करत नाही. आधी डीइंटरलेस, तेही 50 फ्रेम ठेवून, मग आकार. हा क्रम उलटा करायचाच नाही!

आणि नुसत्या जाहिराती काढायच्या तर पुन्हा एन्कोड, म्हणजे अख्खं चित्र नव्याने दाबून साठवणं, कशासाठी? की-फ्रेमवर, म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमवर कापा, स्ट्रीम कॉपी करा, म्हणजे उरलेला डेटा जसाच्या तसा उचला. एमपेग-2 या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये की-फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाला येते. दर्जा तसूभरही घटत नाही.

सगळ्यात संताप आवाजाचा. पावसात सिग्नल तुटतो, टीएस फाइलमधली, म्हणजे प्रसारण आलं तसं साठवलेल्या फाइलमधली, पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात. आवाज आणि चित्र वेगळं काढून, टाइमस्टॅम्प (कुठला तुकडा कधी वाजायचा त्या वेळेच्या खुणा) फेकून देऊन पुन्हा जोडलं की प्रत्येक तुटीनंतर आवाज आणखी सरकतो. मग सगळ्या फाइलला एकच डिले लावतात, म्हणजे अख्खा आवाज एकाच मापाने सरकवतात. तो कसा पुरेल? सुरुवात तर बरोबरच असते! टाइमस्टॅम्प जपा, गळक्या जागी शांतता भरा, मूळ टीएस पुसू नका.