म्हणे, ‘साधी तार द्या’!

‘गिटारची एक साधी तार द्या.’ या वाक्यावर कोल्हापुरात बंदीच घातली पाहिजे. साधी म्हणजे काय, भावा? कितवी? कुठल्या गिटारची? किती गेजची, म्हणजे जाडीची? मागणाऱ्याला माहीत नाही, आणि देणारा तर त्याच्या वरचढ. खोक्यात हात घालायचा, हाताला लागेल ती गुंडाळी बाहेर काढायची आणि ठोकून द्यायचं, ‘ही सगळ्याला बसते’. मेडिकलमध्ये जाऊन ‘साधी गोळी द्या’ म्हणता का कधी?

आणि हे कुठं चाललंय? मिरजेपासून पन्नासेक किलोमीटरवर! ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, जिथं जवारी लावताना (तार टेकते ती घोडी घासून नाद खुलवताना) कारागीर सुताच्या फरकासाठी तासन्‌तास बसतो, तिच्या शेजारी आपण गिटारला कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी तार बांधतोय. नाद खुळा.

पहिला गाढवपणा सगळ्यात महागात पडतो. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवणं. अहो, ब्रिजकडं, म्हणजे तारांचं खालचं टोक अडकवतात त्या लाकडी पट्टीकडं, बघा की! तिथं तारेची गाठ मारलेली असेल, मान रुंद असेल, मानेच्या वरच्या डोक्यात आरपार खाचा असतील, तर ती क्लासिकल. तिला नायलॉनच. ब्रिजवर सहा पिना दिसल्या तर स्टील. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 40 किलो, स्टीलच्या 12-53 सेटचा (आकड्यांचा अर्थ पुढं सांगतो) 70 किलोच्या वर. मग महिन्या-दोन महिन्यांत ब्रिज मागच्या बाजूनं उचलतो, फटीत कागद सरकायला लागतो, आणि एके दिवशी वरच्या लाकडाची खपली घेऊनच निघतो. त्यावर मालकाचं मत काय? ‘गिटारच डुप्लिकेट निघाली.’

दुसरा प्रकार म्हणजे अकूस्टिकवर, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या स्टीलच्या तारांच्या गिटारवर, इलेक्ट्रिकचा सेट. ओळखायला दोन सेकंद लागतात. सगळ्यात बारीक तारेपासून मोजून तिसरी तार, म्हणजे ‘जी’ (G) सुराची, बघा. अकूस्टिकच्या सेटमध्ये ती सहसा गुंडाळलेली आणि तांबूस-सोनेरी असते, इलेक्ट्रिकच्या सेटमध्ये बहुतेक वेळा साधी, चंदेरी. इलेक्ट्रिकची तार पिकअपच्या (तारेचा कंप पकडणाऱ्या भागाच्या) चुंबकासाठी निकेल-स्टीलची केलेली असते. नुसत्या लाकडावर ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. पण ‘स्वस्तात मिळाली’ ना, मग झालं!

आता गेज. पाकिटावरचा 10, 11, 12 हा आकडा पहिल्या, सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. जोडीतला दुसरा आकडा सहाव्या, सगळ्यात जाड तारेची. नव्यानं शिकणाऱ्यानं 10-47 किंवा 11-52 घ्यावा, हात बसला की 12-53. पण कुणीतरी सांगतो ‘जाड तार, मोठा आवाज’, आणि पोरगं 13-56 घेऊन येतं. बोटं सोलतात, एफ कॉर्ड काही लागत नाही, तिसऱ्या आठवड्यात गिटार माळ्यावर. उलटंही होतं. 12 काढून 10 लावला की ताण कमी होतो, मान किंचित मागं जाते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार झिणझिणायला लागते. हा काही बिघाड नाही, थोडं सेटिंग लागतं. पण ऐकतंय कोण?

धातूचं थोडक्यात सांगतो. 80/20 ब्राँझ म्हणजे 80 टक्के तांबं, 20 टक्के जस्त, म्हणजे खरं तर पितळच. आवाज खणखणीत, पण लवकर मरतो. फॉस्फर ब्राँझ जरा उबदार आणि जास्त टिकाऊ. कोटिंगवाल्या तारा दुपटीनं महाग असतात, पण घामट हाताच्या माणसानं आपल्या पावसाळ्यात त्याच घ्याव्यात. आणि एकच तार तुटली म्हणून एकच बदलायची सवय सोडा. पाच मेलेल्या तारांत एक नवी म्हणजे भजनात शिट्टी. तारेखालून नख फिरवा. फ्रेटच्या जागी खड्डे लागले की सगळा सेट संपला. रोज तासभर वाजवत असाल तर दोन-तीन महिन्यांत ही वेळ येतेच.

खरा संताप आहे तो तार लावण्यावर. पिन ठोकतात हो! पक्कड उलटी करून ठोकतात! पिनेचं काम तारेला दाबून धरायचं नाही, तारेच्या टोकाच्या मण्याला जागेवर अडकवून ठेवायचं आहे. मण्यालगत तार जराशी वाकवा, भोकात सोडा, पिनेची खाच साउंडहोलकडं (मधल्या गोल भोकाकडं) करून पिन सैल बसवा. मग एका हातानं तार वर ओढा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पिन दाबा. आतून ‘टक्’ झालं की मणी लाकडाला टेकला. मणी पिनेच्या टोकावरच राहिला, तर सूर चढवताना पिन गोफणीतल्या दगडासारखी उडते आणि मग डोळा वाचला तर नशीब. काढतानाही तेच. आधी तार पूर्ण सैल करा, जरा आत ढकला, मग वाइंडरच्या (किल्ल्या फिरवायच्या हत्याराच्या) खाचेनं पिन उचला. पकडीनं उपटून ब्रिजचे टवके काढलेल्या गिटारी गावात पायलीला पन्नास मिळतील.

वरच्या टोकाला तर जत्राच असते. किल्लीच्या दांडीला आठ-आठ वेढे, एकावर एक चढलेले, लोकरीचा गुंडा जसा. वर म्हणायचं, ‘सूर टिकत नाही, किल्ली बदलून द्या’. दांडी साधारण 6 मिलिमीटर जाड असते, म्हणजे एका वेढ्याला 19 मिलिमीटर तार लागते. जाड तारेला दोन वेढे पुरतात, म्हणजे दांडीच्या पुढं 4 सेंटिमीटर तार ठेवायची. पहिल्या-दुसऱ्या तारेला तीन-चार वेढे, म्हणजे 6 ते साडेसात सेंटिमीटर. प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली उतरत गेला पाहिजे. कमी वेढ्यांनी तार घसरते, जास्त झाले की ते आवळत राहतात आणि सूर उतरत राहतो. लावून झाल्यावर बाराव्या फ्रेटजवळ तार बोटानं हळू वर ओढा, पुन्हा सुरात आणा. असं तीन-चारदा. ‘नवीन तार आहे, उतरणारच’ म्हणून आठवडाभर थांबायची काही गरज नाही.

मोबाइलच्या ट्यूनरवरही आंधळा विश्वास. अरे, सहावीही ई आणि पहिलीही ई! सहावी 82 हर्ट्झ, पहिली 330. नुसतं अक्षर हिरवं झालेलं बघून पिळत बसायचं आणि तार तुटली की ‘क्वालिटी नाही राहिली’ म्हणायचं. आधी तार तुटली कुठं ते बघा. सॅडलपाशी (ब्रिजवर तार टेकते त्या पट्टीपाशी) तुटली तर तिथं धार आहे, दांडीपाशी तुटली तर भोकाची कड टोचतेय. किल्ली फिरवताना नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टिक्’ वाजत असेल तर तार खाचेत अडकतेय. शिसपेन्सिलीचं टोक त्या खाचेत घासा, ग्रॅफाइटनं सुटते. खर्च शून्य.

आणि तेल! फ्रेटबोर्डला खोबरेल तेल चोळणाऱ्यांना काय म्हणावं? ते खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. रोजवूडच्या बोर्डला लेमन ऑइलचे चार थेंब, वर्षातून एकदा-दोनदा, तार बदलताना. पॉलिश केलेल्या मेपलला तेही नको. रोज काय करायचं? कोरडा सुती फडका, जुना बनियन चालतो, तारांच्या वरून आणि खालून. तांबड्या रश्शाचे हात धुऊन मगच गिटार घ्यायची, हेही आता सांगावं लागतं!

पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला गिटार टेकवून ठेवू नका. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैत आपल्याकडं हवा नुसती पिळायची बाकी असते. वरचं लाकूड फुगतं, तारा उंच होतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, दिवाळीनंतर आठवणीनं काढा. उंच तारा दिसल्या रे दिसल्या की ॲलन की घेऊन ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) पिळायला धावणाऱ्यांनो, थांबा. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्डाएवढी असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर एका वेळी पाव फेरा, त्याच्या वर नाही.

अजून एक. कापलेली टोकं फरशीवर टाकू नका. चपला दाराबाहेर असतात आणि पहिल्या तारेचा तुकडा टाचेत घुसला की तो दिसतही नाही, नुसता सलत राहतो.