लाटव्हियाचा राग बाहेरून आला नव्हता (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मॉस्कोने सोव्हिएत संघातल्या बाल्टिक प्रजासत्ताकांत (लाटव्हिया, एस्टोनिया, लिथुआनिया) पैसा ओतला, तिथली दुकानं रशियातल्यापेक्षा भरलेली असायची, तरी ही मंडळी कृतघ्न निघाली, आणि मॉस्कोवरचा हा सगळा राग गोर्बाचोव्हच्या काळात, म्हणजे १९८५नंतर, पाश्चिमात्यांनी पेटवला.

दुकानांचं मान्य. रशियातले लोक लाटव्हियाच्या राजधानीत, रीगाला, गेले की खरेदी करूनच परतत. पण रागाच्या तारखा बघा. २५ मार्च १९४९ला सुरू झालेल्या मोहिमेत एकट्या लाटव्हियातून सुमारे ४२ हजार माणसं सैबेरियात नेली गेली. बहुतेक शेतकरी कुटुंबं, म्हातारेकोतारे आणि पोरंबाळं धरून. शेजारचं घर असं एका रात्रीत ओस पडल्यावर उरलेल्यांनी सामूहिक शेतीच्या अर्जावर मुकाट सह्या केल्या, यात नवल काय?

तरी ते बाजूला ठेवू. दडपशाहीतून आलेला राग कळायला अवघड नसतो. मला जास्त बोलकं वाटतं ते एदुआर्द्स बेर्कलाव्सचं प्रकरण, कारण हा माणूस ना अमेरिकेचा हस्तक होता ना जुना जमीनदार. पक्का कम्युनिस्ट. १९५६मध्ये तो रीगा शहराचा पक्षप्रमुख होता आणि पुढे लाटव्हियन सरकारात उपपंतप्रधान. त्याचं म्हणणं साधं होतं. पोलाद बाहेरून आणायचं, कोळसा बाहेरून, कामगारही बाहेरून, आणि तयार माल पुन्हा बाहेर पाठवायचा. असे कारखाने इथे कशाला? त्यापेक्षा इथल्या कच्च्या मालावर, इथल्या कारागिरांच्या हाताला जमतील असे हलके उद्योग काढू. सरकारी अधिकाऱ्यांनी आणि लोकांशी रोज संबंध येणाऱ्या नोकरदारांनी दोन वर्षांत लाटव्हियन शिकावी, असा ठरावही त्याच्याच काळात झाला. रीगात राहण्याचा परवाना, म्हणजे तिथला प्रोपिस्का, देताना हात आखडता घेतला गेला. कारण नुसतं भाषिक नव्हतं. युद्धानंतर शहरात घरांची मारामार होती आणि निवृत्त लष्करी अधिकारी रीगातच स्थायिक व्हायला बघत. वर्षानुवर्षं एका खोलीत कोंबलेल्या कुटुंबाने नव्या फ्लॅटची चावी दुसऱ्याच्या हातात पडताना पाहायची, हे तिथलं रोजचं दुखणं.

तुम्ही याला ‘भूमिपुत्रांचं राजकारण’ म्हणालात. म्हणा हवं तर. पण पोटापाण्यासाठी आपणहून आलेला माणूस वेगळा आणि मॉस्कोत बसलेल्या खात्याने कारखाना, त्यातले कामगार आणि त्यांची घरं एकदम मंजूर करून पाठवणं वेगळं. बेर्कलाव्सचा रोख त्या खात्यावर होता.

जून १९५९मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह रीगाला आला, जुलैत पक्षाची बैठक बसली आणि बेर्कलाव्सचं पद गेलं. त्याची रवानगी झाली रशियातल्या व्लादिमीर शहरात, चित्रपट वितरणाच्या कामावर! पक्षातल्या या साफसफाईनंतर आर्वीद्स पेल्शे लाटव्हियाचा पक्षप्रमुख झाला आणि १९६६मध्ये थेट मॉस्कोच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, जाऊन बसला. केंद्राला कसा माणूस चालतो हे खालच्यांना त्यातून बरोबर कळलं. जूनमधल्या लिगो या पारंपरिक लाटव्हियन सणाची सुट्टीही याच लाटेत गेली. लोक शेकोट्या पेटवतच राहिले, तो भाग निराळा.

पुढे बेर्कलाव्स गप्प बसला नाही. १९७२मध्ये सतरा लाटव्हियन कम्युनिस्टांचं पत्र परदेशात प्रसिद्ध झालं, त्यामागे तोच होता. तक्रारी त्याच: मोठे कारखाने, आयात केलेले कामगार, घरं. १९३५मध्ये रीगात लाटव्हियन सुमारे ६३ टक्के होते, १९८९मध्ये साधारण साडेछत्तीस. गोर्बाचोव्ह येईपर्यंत यातलं बहुतेक घडून गेलं होतं.

आणि केंद्रावर राग फक्त बिगररशियनांचा होता असंही नाही. कुझ्नेत्सोव्ह आणि वोझ्नेसेन्स्की यांच्यासह लेनिनग्राडच्या कम्युनिस्ट नेत्यांना १ ऑक्टोबर १९५०ला गोळ्या घातल्या. त्यांच्यावरच्या ठपक्यांत रशियाचा वेगळा पक्ष काढण्याचा विचार हाही एक होता. बाकी प्रजासत्ताकांना आपापला कम्युनिस्ट पक्ष होता, रशियाला तो १९९०पर्यंत मिळाला नाही. म्हणजे तुम्ही ज्यांच्या पैशावर बाल्टिक पोसलं गेलं म्हणता, त्या रशियनांनाही वाटे की आपलंच घर कुणी चालवू देत नाही.

राहता राहिला पैसा. कुणी कुणाला पोसलं हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. कापूस, तेल, दूध, यंत्रं, सगळ्यांच्या किमती मॉस्कोत ठरत. मांसाला आणि लोण्याला कमी भाव लावला की लाटव्हिया मदत घेणारा दिसतो, तेलाला जागतिक बाजाराचा भाव लावला की रशिया दाता ठरतो. कापूस पिकवणारा उझबेक मग त्याच्या भावाचं गाऱ्हाणं घेऊन उभा राहतो, आणि तेही खोटं नसतं. तुमच्याकडे अनुदानाचे आकडे असतील तर जरूर द्या. फक्त ते कोणत्या किमती धरून काढलेत तेवढं सोबत लिहा, मग त्यावर बोलू.